कॅमेऱ्यातच कात्री: जॉन फोर्डची पद्धत आणि दोन दिवसांची शॉर्टफिल्म

प्रश्न असा आहे: हॉलिवूडचा दिग्दर्शक जॉन फोर्ड ‘कॅमेऱ्यातच संकलन’ करायचा, म्हणजे संकलकाच्या हाती गरजेपुरतेच फुटेज द्यायचा, असे वाचले. आम्हाला १५ मिनिटांची शॉर्टफिल्म दोन दिवसांत संपवायची आहे. चार पात्रे, एक जुना वाडा आणि थोडे माळरान. मास्टर (सगळा प्रसंग एका रुंद शॉटमध्ये), ओव्हर-शोल्डर (एकाच्या खांद्यावरून दुसऱ्याचा चेहरा), क्लोज-अप हा सगळा पसारा न मांडता फोर्डसारखे काम करता येईल का? वेळ वाचेल का?

करता येईल. पण वेळ सेटवर वाचतो, तालमीत नाही. तालमीचा दिवस वेगळा काढता येणार नसेल, तर हा नाद सोडा आणि सरळ नेहमीचे कव्हरेज घ्या, म्हणजे एकाच प्रसंगाचे वेगवेगळे कोन. फोर्ड कमी शूट करत होता, हे अर्धेच खरे. तो निर्णय लवकर घेत होता, आणि कमी फुटेज हा त्याचा परिणाम होता. निर्णय न घेता नुसते कमी शूट केले, तर एडिट टेबलावर हातात भोकेच उरतात.

आधी फोर्ड असे का करायचा ते पाहू, कारण तुमचे कारण वेगळे आहे. हॉलिवूडच्या स्टुडिओ पद्धतीत शूटिंग संपले की चित्रपट निर्मात्याच्या ताब्यात जायचा. ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्समध्ये स्टुडिओप्रमुख डॅरिल झॅनक स्वतः संकलनात हात घालायचा, आणि हात चांगला होता त्याचा. शेवटची कापणी दिग्दर्शकाची नसायची. अशा वेळी तुम्ही एका प्रसंगाचे आठ कोन दिले, की आठातून निवड दुसरा कोणी करणार. फोर्डने हा दरवाजाच बंद केला: जे जोडायचे तेवढेच चित्रित करायचे.

‘हाउ ग्रीन वॉज माय व्हॅली’ (१९४१) मधला लग्नाचा प्रसंग घ्या. ॲन्घरॅड खाणमालकाच्या मुलाशी लग्न करून चर्चमधून बाहेर येते, बग्गीत बसते. तिचे ज्याच्यावर खरे प्रेम आहे तो धर्मोपदेशक मागे, दूर झाडाखाली, बोटभर आकृती होऊन उभा राहतो. छायालेखक आर्थर मिलरने (नाटककार नव्हे) या धर्मोपदेशकाचा क्लोज-अप घ्यायचा का असे विचारले. फोर्डचे उत्तर होते की नको, घेतला तर ते वापरतील. सगळी पद्धत या उत्तरात आहे. क्लोज-अप आला असता तर प्रेक्षकाला दुःख आयते मिळाले असते. नाही म्हणून तो ते फ्रेममध्ये शोधतो.

त्याच काळात याच्या अगदी उलट पद्धतीने काम करणारेही मोठे लोक होते. जॉर्ज स्टीव्हन्स एकाच प्रसंगाचे भरपूर कोन घ्यायचा, विल्यम वायलर टेकवर टेक. दोघेही थोर. तेव्हा फोर्डची पद्धत ‘खरी’ आणि बाकीच्या खोट्या असे काही नाही. वेगाच्या बाबतीत मात्र फरक पडतो: १९३९ या एका वर्षात फोर्डचे तीन चित्रपट प्रदर्शित झाले. दिग्दर्शनाची चार ऑस्कर मिळवणारा आजवर तो एकटाच.

आता तुमचा हिशेब. दोन मिनिटांचा, दोन माणसांचा संवाद आहे. नेहमीचे कव्हरेज म्हणजे एक मास्टर, दोन ओव्हर-शोल्डर, दोन सिंगल (एकेकट्याचे शॉट). पाच सेटअप, म्हणजे कॅमेऱ्याच्या पाच जागा, प्रत्येकी तीन टेक, म्हणजे दोन मिनिटांसाठी ३० मिनिटांचे फुटेज. छोट्या युनिटला एक सेटअप बदलून लाइट करायला अर्धा तास धरला, तरी दुपार गेली. फोर्डच्या काळी तर त्यात फिल्मचा खर्च होता: ३५ मिमी फिल्म मिनिटाला ९० फूट धावते, हजार फुटांचे रीळ ११ मिनिटांत संपते. तुमच्या कार्डला तो धाक नाही, आणि म्हणूनच डिजिटलवर ही शिस्त पाळणे जास्त अवघड आहे. ‘सेफ्टीसाठी एक घेऊन ठेवू’ हे वाक्य दिवसात दहा वेळा ऐकू येईल.

एक गैरसमज आधीच काढून टाकतो. कॅमेऱ्यात संकलन म्हणजे एकच लांबलचक टेक नव्हे. फोर्ड भरपूर कट देतो. फक्त कोणता शॉट कुठे लागणार हे त्याला घेतानाच माहीत असते. ‘स्टेजकोच’ (१९३९) मधला ड्राय फोर्क ठाण्यावरचा जेवणाचा प्रसंग शॉट थांबवून थांबवून पाहा. नायक रिंगो डॅलसला, म्हणजे गावाने हाकललेल्या बाईला, टेबलाशी बसवतो. समोर घरंदाज लूसी. ती नुसती पाहते. मग सहप्रवासी हॅटफिल्ड लूसीला खिडकीकडच्या टोकाला जागा देऊ करतो, आणि टेबलाची एक बाजू रिकामी होते. हा सगळा अपमान मुख्यतः दोन जागांवरून आळीपाळीने दाखवला आहे: एक लूसीच्या बाजूने टेबलाकडे, दुसरी लूसीकडे पाहणारी. गंमत अशी की आपण लूसीच्या जागेवरून पाहतो, पण मन डॅलसकडे जाते. दोन सेटअप पुरले, कारण खुर्च्या कुणी कुठे मांडायच्या हे आधी ठरले होते. अपमान टेबलाच्या रिकाम्या जागेत आहे, चेहऱ्यांत नाही.

म्हणून पहिले काम कॅमेरा काढण्याचे नाही, जागा आखण्याचे. वाड्यात जा, जमिनीवर टेप लावा आणि प्रत्येक प्रसंगासाठी एकच प्रश्न सोडवा: या प्रसंगात कोण कुणापासून किती लांब आहे, आणि ते अंतर कधी बदलते? अंतर बदलते तिथे कट किंवा हालचाल. बदलत नाही तिथे कॅमेरा हलवायचे कारण नाही.

सगळ्यात जास्त अभ्यास करण्याजोगा नमुना ‘द सर्चर्स’ (१९५६) मध्ये आहे. वॉर्ड बॉन्डने केलेला रेव्हरंड क्लेटन पुढे उभा राहून कॉफी पितोय. आतल्या खोलीत मार्था आपल्या दिराचा, ईथनचा, कोट हातात घेऊन त्यावरून हात फिरवते. क्लेटनच्या नजरेला ते पडते. तो नजर समोर वळवतो आणि कॉफीच पीत राहतो. मग मागे ईथन येतो, तिचा निरोप घेतो, आणि पुढे क्लेटन ढिम्म. या दोघांच्या प्रेमाबद्दल चित्रपटभर एक वाक्य नाही. गुपित कळलेल्या माणसाने नजर वळवली, एवढ्यावर ते कायमचे आपल्याला कळते. तीन थर आहेत: पुढे साक्षीदार, मागे घटना, मध्ये दार. पुढचा साक्षीदार काढला तर उरतो नुसता कोट कुरवाळणारी बाई दाखवणारा शॉट, आणि तो भडक होतो.

वाड्यात हे थर आयतेच मिळतात. ओसरी, माजघराचे दार, त्यापुढे परसदार, पुष्कळ वाड्यांत एका रेषेत. पुढचा माणूस कॅमेऱ्यापासून दोन-अडीच मीटरवर, दुसरा पाच मीटरवर, तिसरा आठ-नऊ मीटरवर दारात. तिघांच्या उंच्या वेगळ्या ठेवा: एक बसलेला, एक उभा, एक उंबरठ्यावर टेकलेला. सगळे एकाच अंतरावर उभे राहिले, की लग्नाच्या ग्रुप फोटोसारखे दिसते. या पद्धतीत सर्वांत जास्त वेळा होणारी चूक हीच, आणि मग लोक म्हणतात की ‘नाटक वाटतंय, क्लोज-अप घेऊ’.

थर दिसायचे तर फोकसची खोली हवी. ५० मिमी लेन्स एफ २.८ वर उघडी टाकून (एफचा आकडा लहान, तितके लेन्सचे छिद्र मोठे), पार्श्वभूमी विरघळवून हे जमत नाही. सुपर ३५ सेन्सरवर त्या लेन्सने तीन मीटरवरच्या माणसावर फोकस केला, तर मागेपुढे मिळून जेमतेम अर्धा मीटर स्पष्ट राहतो. त्याऐवजी २८ मिमी घ्या, एफ ५.६ ठेवा, फोकस साडेपाच मीटरवर लावा: पावणेतीन मीटरपासून पुढे सगळे स्पष्ट. एफ ८ वर फोकस चार मीटरवर आणलात, तर दोन मीटरपासून क्षितिजापर्यंत. किंमत प्रकाशात मोजावी लागते. २.८ वरून ५.६ म्हणजे दोन स्टॉप, चौपट प्रकाश. वाड्याच्या आतल्या अंधाऱ्या माजघरात हे परवडणार नाही, म्हणून खोल फ्रेमचे प्रसंग चौकाच्या आणि ओसरीच्या उजेडात, दिवसा लावा. रात्रीचे प्रसंग उथळ फोकसमध्ये, दोन माणसांपुरते.

दाराच्या चौकटीतून बाहेर पाहणारा शॉट सगळ्यांनाच घ्यायचा असतो, तुम्हीही घेणार. ‘द सर्चर्स’ची सुरुवात अंधाऱ्या घराचे दार उघडून होते आणि शेवट दुसऱ्या घराचे तसेच दार मिटून. हा शॉट फसतो तो एक्स्पोजरमध्ये. बाहेर ऊन, आत सावली. एक्स्पोजर बाहेरच्या उन्हाला लावायचे, आतल्या भिंती काळ्या पडू द्यायच्या. आत-बाहेर पाचेक स्टॉपचा फरक असेल तर काळी चौकट मिळते. अडीच-तीन स्टॉपच असेल तर ती नुसती मळकट खोली दिसते. वाड्याच्या भिंती चुन्याच्या, पांढऱ्या असतील तर उन्हाचा उजेड आत परावर्तित होतो. दाराच्या दोन्ही बाजूंना, फ्रेमच्या कडेला काळे कापड टांगा. आयएसओ ८००, शटर १/५०, एफ ८ असेल तर भर उन्हात सहा स्टॉपचा, म्हणजे १.८ चा एनडी (प्रकाश कमी करणारा फिल्टर) लागेल. माणूस दाराच्या आत उभा राहिला तर छायाकृती, उंबरठा ओलांडला की चेहरा. हा एक पाऊलभर बदल हाच तुमचा कट आहे. तो संवादातल्या नेमक्या शब्दावर बसवा.

क्षितिज फ्रेमच्या मध्यावर नको, वर किंवा खाली हवे, हा फोर्डचा सल्ला स्टीव्हन स्पीलबर्गने सांगितल्यामुळे आता सर्वांना पाठ आहे. तो बरोबरच आहे. पण माळरानावर त्याआधी दुसरी गोष्ट बघा: माणसाचे डोके क्षितिजाची रेष कापते का? रेष मानेवरून गेली तर माणूस चिरल्यासारखा दिसतो. कॅमेरा गुडघ्याइतका खाली आणा, माणूस आभाळावर येतो. फोर्ड मोन्युमेंट व्हॅलीत, युटा-ॲरिझोनाच्या सीमेवर, वारंवार गेला तो काही नुसत्या देखाव्यासाठी नाही. तिथले उभे खडक माणसाच्या आकाराला माप देतात. तुमच्या माळावर ते काम एकटे बाभळीचे झाड करेल.

कॅमेरा हलवण्याबद्दल. फोर्डचा कॅमेरा बहुधा तिवईवर स्थिर असतो, म्हणूनच तो हलतो तेव्हा लक्षात राहतो. ‘स्टेजकोच’मध्ये जॉन वेनची पहिली एंट्री: तो विंचेस्टर फिरवतो आणि कॅमेरा वेगाने त्याच्या चेहऱ्यावर जातो. जाताना क्षणभर फोकस सुटतो, आणि फोर्डने तो शॉट तसाच ठेवला. फोकस सुटण्याचे कारण साधे आहे. ३५ मिमी लेन्स, एफ ४, चार मीटरवर माणूस असेल तर तीन ते सहा मीटर स्पष्ट असते. तोच एक मीटरवर आला की मागेपुढे मिळून जेमतेम १५-१६ सेंटिमीटर. म्हणजे फोकस पुलरचे (फोकस सांभाळणाऱ्याचे) खरे काम शेवटच्या दीड मीटरमध्ये असते. जमिनीवर दर अर्ध्या मीटरला खूण करा, नटाच्या पायाशी खूण करा, आणि ट्रॉली शेवटी हळू करा. १५ मिनिटांच्या फिल्ममध्ये अशी एक हालचाल पुरे. दोन झाल्या तर पहिलीची किंमत जाते.

क्लोज-अपचेही तसेच. शूटिंगच्या आधी पटकथेत त्यांची जागा लाल पेनाने लिहा, आणि संख्या चार-पाचच्या वर जाऊ देऊ नका. फोरकेमध्ये शूट करून नंतर टूकेमध्ये फ्रेम मोठी करू, ही पळवाट आता सगळेच वापरतात. कामचलाऊ म्हणून ठीक आहे, पण मोठी केलेली फ्रेम म्हणजे क्लोज-अप नव्हे. कॅमेरा होता तिथेच राहतो, त्यामुळे चेहऱ्याचा आणि मागच्या भिंतीचा संबंध लांबून पाहिल्यासारखाच राहतो.

इथे एक गोष्ट फोर्डच्या विरोधात नोंदवावी लागेल. क्लोज-अप नाकारणे हा जसा संयम, तसा अन्यायही होऊ शकतो. त्याच्या वेस्टर्नपटांत मूळ अमेरिकी नाव्हाहो लोक कधी अपाची झाले, कधी कोमांची, पण माणूस म्हणून ओळख त्यांना क्वचितच मिळाली. ‘द सर्चर्स’मधला कोमांची प्रमुख तर जर्मनीत जन्मलेल्या हेन्री ब्रँडनने केला आहे. तुमच्या चार पात्रांत एखादा गडी किंवा मोलकरीण असेल, तर तिला सतत मागच्या थरात ठेवताय का हे फ्रेम आखताना तपासा. सेटवरची फोर्डची दादागिरीही उचलू नका. ‘मिस्टर रॉबर्ट्स’च्या वेळी त्याने हेन्री फोंडाला ठोसा मारला आणि तो चित्रपट मर्व्हिन लरॉयला पुरा करावा लागला.

आता प्रत्यक्ष तयारी. पटकथेच्या समासात प्रत्येक कटची जागा आडव्या रेषेने दाखवा, आणि रेषेच्या दोन्ही बाजूंना सेटअपचा क्रमांक लिहा. ही प्रत दिग्दर्शक, छायालेखक, कंटिन्युइटी सांभाळणारा आणि संकलक, चौघांकडे एकच हवी. तालमीत प्रत्येक प्रसंगाला घड्याळ लावा. १५ मिनिटांच्या फिल्मसाठी २५ ते ३० सेटअप हे दोन दिवसांना झेपणारे गणित आहे. त्यातले दोन-तीन सूर्याच्या जागेवर अवलंबून, ते दिवसाच्या दोन्ही टोकांना.

शूट करताना रेषेवर कॅमेरा बंद करायचा नाही. नवशिके ‘कॅमेऱ्यात संकलन’ म्हणजे नेमके तिथेच थांबणे समजतात आणि मग कट बसत नाही. रेषेच्या आधीचे एक वाक्य आणि नंतरचे एक वाक्य दोन्ही सेटअपमध्ये यायला हवे. नट दारातून येतो तर रिकामे दार आधी पाच सेकंद, जातो तर नंतर पाच सेकंद. कट हालचालीवर असेल, म्हणजे उठता-उठता किंवा पेला ठेवता-ठेवता, तर ती हालचाल दोन्हीकडे पूर्ण करून घ्या. पेला कोणत्या हातात, किती भरलेला, हे फोटो काढून ठेवा.

दिशेची रेषा, म्हणजे १८० अंशांचा नियम (दोघांमधल्या काल्पनिक रेषेच्या एकाच बाजूला कॅमेरा), इतर वेळी ताणता येतो, पण कमी शॉटमध्ये तो मोडला तर सावरायला तिसरा शॉट नसतो. ‘स्टेजकोच’च्या पाठलागात धावण्याची दिशा मध्येच उलटते, हे खरे. पण तिथे कोण पळतेय आणि कोण पाठीमागे आहे याबद्दल शंका यायला जागाच नाही. दोन माणसे ओसरीवर बोलत असताना ती सवलत मिळत नाही.

सगळ्यात महागात पडणारी अडचण म्हणजे गती. एकाच शॉटमध्ये चालणाऱ्या संवादातले विराम नंतर कापता येत नाहीत. मनासारखा टेक मिळाला, की लगेच आणखी एक घ्या, तोच अभिनय पण २० टक्के वेगाने. टेबलावर दहापैकी सात वेळा वेगवान टेकच लागतो. फोर्डला बहुधा पहिला-दुसरा टेक पुरायचा, कारण त्याच्यासोबत तीच ती माणसे वर्षानुवर्षे काम करत होती. तुमच्या नटांची ही पहिलीच फिल्म असेल, तर त्याची नक्कल करू नका. चौथ्या टेकपर्यंत धीर धरा.

आणि हे सगळे करूनही पूर्ण संरक्षण मिळत नाही. ‘माय डार्लिंग क्लेमेंटाइन’ (१९४६) झॅनकने पुन्हा कापला, काही भाग लॉइड बेकनकडून नव्याने चित्रित करून घेतला. आधीची, काही मिनिटांनी लांब असलेली प्रिव्ह्यूची प्रत पुढे उपलब्ध झाली, म्हणून फरक दिसतो. तिच्यात नायक वायट अर्प शेवटी क्लेमेंटाइनशी फक्त हस्तांदोलन करतो. प्रदर्शित प्रतीत तो तिच्या गालाचे चुंबन घेतो. तुमचा निर्माता बहुधा तुम्हीच, तेव्हा धोका झॅनकचा नाही. धोका असा की सहाव्या आठवड्यात तुम्हालाच एक संवाद काढावासा वाटेल आणि काढता येणार नाही.

त्यासाठी प्रत्येक प्रसंगाला एक, फक्त एक, सुटकेचा शॉट घ्या: बोलणाऱ्याचा नाही, ऐकणाऱ्याचा. १५ ते २० सेकंद, ओठ मिटलेले, नजर बोलणाऱ्याकडे आणि मग खाली. त्यावरून मागचा-पुढचा आवाज सरकवून वाक्य काढता येते. तो मुख्य शॉटनंतर लगेच घ्या, संध्याकाळी ‘राहिलेले’ म्हणून नको, कारण तोवर ओसरीवरची उन्हाची तिरीप खांबापासून भिंतीपर्यंत गेलेली असते. त्याच जागेवर, कुणी हलायच्या आत, एक मिनिट शांत ठेवून खोलीचा आवाज रेकॉर्ड करा. रस्त्यावरच्या हॉर्नमुळे बिघडलेली वाक्ये नटाकडून तिथेच, कॅमेऱ्याशिवाय, दोनदा म्हणवून घ्या. एकाच शॉटवर प्रसंग उभा असतो तेव्हा बिघडलेले वाक्य दुसऱ्या कोनातून उसने आणता येत नाही.